निळी ज्योत, पिवळी ज्योत : घरातल्या जळण्याचे प्रकार ओळखा

आपल्या एका खोलीच्या घरात दिवसभरात काय काय जळतं, याची कधी मोजणी केली आहे का? सकाळी चहाचा गॅस. वंदनेच्या वेळी बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढची मेणबत्ती आणि अगरबत्ती. आजोबांची विडी. अंघोळीच्या पाण्यासाठी कुठे चूल, कुठे गॅस गिझर. थंडीत कोळशाची शेगडी. रात्री डासांची कॉईल. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी पेटवलेला कचरा. सहा-सात ठिकाणी आग असते आणि या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो : जळतंय.

शाळेच्या विज्ञानात मुलं ज्वलन शिकतात. ज्वलनाचे प्रकार पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. तो धडा आपल्या ओट्याबद्दल आहे, आपल्या शेगडीबद्दल आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून वॉर्डात काम केलं, आता वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करते. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसली. लोक आगीला भितात ते ज्वाळा दिसते म्हणून. पण जळण्याचे काही प्रकार असे आहेत की ज्वाळा दिसत नाही, चटका बसत नाही आणि माणूस झोपेतच जातो. कोणता प्रकार कसा मारतो हे कळलं, तर त्याला कसं अडवायचं हेही कळतं. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर थोडं रसायनशास्त्र.

जळायला तीन गोष्टी लागतात

पहिली गोष्ट जळण : लाकूड, रॉकेल, गॅस, कापड, काहीही. दुसरी हवेतला ऑक्सिजन. तिसरी पुरेशी उष्णता. प्रत्येक वस्तूचं पेट घेण्याचं एक तापमान असतं, त्याला ज्वलनांक म्हणतात. तिथपर्यंत वस्तू तापली नाही तर ती पेटत नाही. या तिघांपैकी एक काढून घेतलं की आग विझते. पाणी टाकतो तेव्हा आपण उष्णता काढतो. गोधडी टाकतो तेव्हा हवा तोडतो. रेग्युलेटर बंद करतो तेव्हा जळण तोडतो. आग विझवण्याचं सगळं शास्त्र एवढंच आहे.

जळणं म्हणजे ऑक्सिजनशी संयोग, हे फ्रान्सच्या लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने १७७० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं. त्याआधी लोकांना वाटायचं की वस्तू जळताना तिच्यातून काहीतरी निघून जातं. पुढे १७८० च्या दशकात त्याने लाप्लास या सहकाऱ्याबरोबर आणखी एक गोष्ट दाखवली. गिनीपिग नावाचा लहान प्राणी बर्फाच्या मधोमध ठेवला, त्याच्या अंगाच्या उबेने किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि निष्कर्ष काढला की श्वास घेणं हेसुद्धा एक प्रकारचं जळणंच आहे. खाल्लेली भाकरी शरीरात ऑक्सिजनशी हळूहळू संयोग पावते, त्यातून उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. याला मंद ज्वलन म्हणतात. आपलं अंग ३७ अंशांवर उबदार राहतं ते त्यामुळेच.

हे मुद्दाम सांगितलं. बंद खोलीत चूल आणि माणसं एकाच हवेवर जगत असतात. ऑक्सिजन चुलीलाही लागतो आणि पाळण्यातल्या बाळालाही.

पूर्ण ज्वलन : निळी ज्योत

जळणाला हवी तेवढी हवा मिळाली की ते पूर्ण जळतं. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. ते पूर्ण जळले की दोनच गोष्टी उरतात : कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. ज्योत निळी असते, धग जास्त असते, भांड्याचा बुडखा काळा होत नाही. हे सगळ्यांत चांगलं जळणं.

पण त्याला हवा किती लागते, याचा हिशेब करून बघा. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. दहा बाय बाराची, नऊ फूट उंचीची खोली असेल तर तिच्यात साधारण ३० घनमीटर हवा असते. म्हणजे खोली घट्ट बंद करून एक किलो गॅस जाळला तर खोलीतला चाळीस टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन संपेल. लग्नाचा, नामकरणाचा स्वयंपाक घरात होतो, चार-पाच तास दोन्ही बर्नर चालू असतात, दार लोटलेलं असतं, तेव्हा बायकांना घेरी येते. आपण म्हणतो, दमली असेल. दमलेली असतेच, पण हवाही संपलेली असते. शिवाय एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. ती भिंतीत मुरते, ओल धरते, बुरशी येते आणि दमेकऱ्याचा खोकला वाढतो.

म्हणून जळण चांगलं असलं तरी खिडकी उघडी पाहिजे. गॅस घेतला म्हणजे हवेची गरज संपली असं नाही.

अपूर्ण ज्वलन : पिवळी ज्योत आणि न दिसणारं विष

हवा कमी पडली की जळण अर्धवट जळतं. मग काजळी तयार होते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो.

घरातल्या मुलांना घेऊन एक साधा प्रयोग करा. स्टीलचा चमचा मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीत दोन-तीन सेकंद धरा. चमचा काळा होतो. तोच चमचा पुसून गॅसच्या निळ्या ज्योतीवर धरा. काळा होत नाही. मेणबत्तीच्या ज्योतीतला पिवळा उजेड म्हणजे तापून चमकणारे कोळशाचे बारीक कण. चमच्यावर बसलेली काजळी तीच. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८६०-६१ मध्ये लंडनला मुलांसाठी फक्त मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली होती. हा फॅरेडे लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून विज्ञान शिकला. मुलांना हेही सांगा.

आता आपल्या गॅसकडे बघा. ज्योत पिवळी, लांबट, फडफडणारी दिसते का? भांड्यांचे बुडखे काळे होतात का? मग बर्नरची छिद्रं बुजली आहेत किंवा हवा नीट मिसळत नाही. गॅस बंद करून बर्नर थंड झाल्यावर काढा, धुवा, दाभणाने छिद्रं मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. तरीही ज्योत निळी झाली नाही तर दुरुस्तीवाल्याला दाखवा. काळा बुडखा घासण्याचा त्रास तर वाचेलच, गॅसही वाचेल.

कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. तो डोळ्यांना झोंबत नाही, ठसका लावत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. बसची सगळी आसनं दुसऱ्याच माणसांनी अडवावीत आणि आपलं माणूस थांब्यावर राहावं, तसं होतं. छाती वर-खाली होत असते, श्वास चालू असतो, पण मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन पोचत नाही.

लक्षणं लक्षात ठेवा : डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, उलटी, हातापायांतली ताकद जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, मग बेशुद्धी. ताप नसतो. खोकला नसतो. लोकांना वाटतं पित्त झालं किंवा काहीतरी खाण्यात आलं. खरी खूण अशी, की एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होतो आणि बाहेर मोकळ्या हवेत आलं की बरं वाटतं.

इथे एक गोष्ट प्रत्येक आशाताईने, प्रत्येक आरोग्यसेविकेने पाठ करावी. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघर आलं. ते या विषबाधेत फसवतं. ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन, यातला फरक त्याला कळत नाही. रुग्ण गंभीर असतो आणि पडद्यावर ९८ दिसतं. आकडा चांगला आहे म्हणून घरी पाठवलं, तर जीव जाऊ शकतो. म्हणून दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना स्वतःहून सांगा : "खोलीत शेगडी होती", "गिझर चालू होता", "खिडकी बंद होती". तुमचं हे एक वाक्य तिथल्या कुठल्याही यंत्रापेक्षा मोलाचं आहे. उपचार म्हणजे मास्कने भरपूर ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला साधारण चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर दीड तासाच्या आसपास. म्हणून वेळ घालवायचा नाही.

आपल्याकडे हा धोका तीन ठिकाणी जास्त आहे.

पहिलं, थंडीतली शेगडी. विदर्भात, खानदेशात डिसेंबर-जानेवारीत निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन दार लावून झोपायची सवय आहे. लोक म्हणतात, "धूर नाही, निखारेच आहेत, काय होतंय?" नेमका तोच घात आहे. धूर संपलेला लाल निखारा कार्बन मोनॉक्साइड सोडतच असतो. शेगडीवर हात शेका, पण झोपायच्या आधी ती बाहेर काढा. दार किलकिलं ठेवलं म्हणून भागतं असंही नाही. झोपताना शेगडी आत नको, एवढाच नियम.

दुसरं, बाळंतिणीची खोली. बाजेखाली निखारे ठेवून शेक द्यायचा, वर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून बाळाला धुरी द्यायची, वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीतसुद्धा चिंध्या कोंबायच्या. आपल्या आज्या-माम्या हे मायेने करतात, त्यांना रागावू नका. पण समजावून सांगा. बाळंतीण आधीच रक्ताने कमी असते, म्हणजे ऑक्सिजन वाहणारं हिमोग्लोबिन मुळात थोडं. बाळाची फुप्फुसं अजून वाढत असतात आणि त्याचा श्वास मोठ्या माणसापेक्षा भराभर चालतो, म्हणून आकाराच्या मानाने तेच जास्त विष आत घेतं. पोटात असलेल्या बाळाला तर आणखी धोका, कारण त्याचं हिमोग्लोबिन हा वायू आणखी घट्ट धरतं. ऊब पाहिजेच. ती गरम पाण्याच्या पिशवीने, कपड्यांच्या थरांनी, टोपी-मोज्यांनी आणि आईच्या छातीला बाळ उघड्या अंगाने लावून द्या. पिशवी बाळाच्या अंगाला थेट लावू नका, भाजतं. निखारे आणि धुरी मात्र त्या खोलीत नको.

तिसरं, नहाणीतला गॅस गिझर. चार फुटांच्या नहाणीत गिझर, झरोका बंद, अंघोळीला गेलेला माणूस बाहेर येत नाही, अशा बातम्या आपल्या राज्यातल्या शहरांमधून दरवर्षी येतात. गॅस गिझर नहाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि आत फक्त नळ आणायचा. ते जमत नसेल तर बादलीत आधी पाणी काढून घ्या, गिझर बंद करा, मग अंघोळीला आत जा.

धुमसणं : ज्वाळा नाही, धूर आहे

अगरबत्ती, विडी, डासांची कॉईल, ओल्या गोवऱ्या, कचऱ्याचा ढीग. हे सगळे ज्वाळेशिवाय जळतात. तापमान कमी असतं, हवा आतपर्यंत पोचत नाही, म्हणून जळणं फार अर्धवट होतं आणि धूर भरपूर निघतो. तेवढंच जळण ज्वाळेने जळालं असतं तर एवढा धूर झाला नसता.

डासांच्या एका कॉईलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण हवेत जातात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं गेलं होतं. ज्या घरात कुणी विडीला हात लावत नाही, तिथेही रात्रभर उशाशी कॉईल असते. मच्छरदाणी लावा. सरकारी दवाखान्यात, ग्रामपंचायतीत औषधी मच्छरदाणीची चौकशी करा. अगरबत्ती लावायची असेल तर एकच, आणि दार उघडं ठेवून. मेणबत्ती पडद्यापासून, वहीपासून, लाकडी फळीच्या खालच्या बाजूपासून दूर, ताटलीत उभी करा आणि घराबाहेर पडताना विझवा.

चुलीचं दुखणं जुनं आहे. २०१६ च्या १ मेला उज्ज्वला योजना सुरू झाली, अनेक घरांत पहिला सिलिंडर आला. पण पुढचा भरायला पैसे नसले की पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या पुन्हा पेटतात. बाई त्या धुरात रोज तीन-चार तास बसते आणि पोर तिच्या मांडीवर असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख लोक गेले. त्यात पाच वर्षांखालची दोन लाख ३७ हजारांहून जास्त बालकं होती. लहान मुलांचा न्यूमोनिया, कधीही विडी न ओढलेल्या बायकांना जडणारा दम, हृदयविकार, मोतीबिंदू, कमी वजनाचं बाळ, या सगळ्यामागे हा धूर आहे. चूल पेटवावीच लागत असेल तर वाळलेलं, बारीक फोडलेलं लाकूड वापरा. ओलं लाकूड धुमसतं. चुलीच्या वर धुराडं किंवा निदान पत्र्यात फट ठेवा. पोराला धुरापासून लांब ठेवा. आणि चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी कधीही वापरू नका. तांबं काढण्यासाठी वायरी जाळणाऱ्या भावांनाही हेच सांगणं आहे. वायरीवरचं प्लॅस्टिक जळताना आम्लाचा वायू आणि डायॉक्सिन नावाची घातक विषं निघतात. वायर सोलून तांबं काढा, वेळ लागला तरी.

धुमसणं किती चिवट असतं ते मुंबईने २०१६ च्या जानेवारी अखेरीस पाहिलं. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडला आग लागली, धुराने शहर व्यापलं, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. वर पाणी मारत होते आणि आत ढीग धुमसत होता. कचरा कुजताना मिथेन वायू तयार होतो, तो जळणाऱ्या ढिगाला आतून खाद्य पुरवतो. त्या धुरात सगळ्यांत जवळ कोण होतं? गोवंडी, शिवाजीनगरच्या वस्त्या आणि कचरा वेचणारी माणसं. धुमसणारी वस्तू वरून विझलेली दिसते, पण आत जिवंत असते. म्हणून राखेचा ढीगही पाणी ओतून, काठीने उकरून, पुन्हा पाणी ओतूनच सोडायचा.

भडका आणि स्फोट

गॅस किंवा तेल क्षणात पेट घेतं त्याला जलद ज्वलन म्हणतात. कढईतलं तेल जास्त तापून पेटलं तर घाबरून पाणी ओतू नका. पाणी तेलाखाली जातं आणि क्षणात त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. ती पेटतं तेल छपरापर्यंत उडवते. गॅस बंद करा, कढईवर मोठं झाकण किंवा परात सरकवा आणि हात लावू नका. हवा तुटली की आग विझते. रॉकेलच्या किंवा पंपाच्या स्टोव्हमध्ये तो तापलेला असताना कधीही रॉकेल भरू नका.

जळणाचा वायू आणि हवा आधीच मिसळून खोलीभर पसरली आणि मग ठिणगी पडली, तर सगळं एकदम जळतं, हवा फुगते, भिंती पडतात. हा स्फोट. स्वयंपाकाचा गॅस हवेत साधारण दोन ते नऊ टक्के मिसळला की असं मिश्रण तयार होतं. सिलिंडरमधल्या एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो, म्हणजे थोडी गळतीही लहान खोलीला पुरते. आपण म्हणतो "सिलिंडर फुटला". पुष्कळदा सिलिंडर शाबूत असतो, खोलीत साठलेला गॅस पेटलेला असतो.

हा गॅस हवेपेक्षा जड आहे. तो जमिनीलगत, मोरीत, कॉटखाली साठतो. पाइपने येणारा गॅस म्हणजे मिथेन. तो हलका, वर पोटमाळ्याकडे जातो. दोन्हींना वास नसतो, गळती कळावी म्हणून कुजकट वास मुद्दाम मिसळलेला असतो. त्याच कारणाने गटारात, मॅनहोलमध्ये, सेप्टिक टाकीत वायू आहे का हे बघायला काडी ओढणं म्हणजे मरणाला बोलावणं. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला तिथे सफाईसाठी उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद केलेलं आहे. कुणी उतरायला सांगितलं तर नकार द्या आणि तक्रार करा.

वास आला तर : काडी नको. दिव्याचं, पंख्याचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, दोन्ही वेळा ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दार-खिडक्या उघडा, पोरंबाळं आणि म्हातारी माणसं बाहेर काढा, शेजारच्यांना सांगा. फोन बाहेर जाऊन लावा. गॅस गळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१, रुग्णवाहिकेसाठी १०८. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर. नळीवरची तारीख बघा, पाच वर्षांच्या आत नळी बदला. गळती साबणाच्या फेसाने तपासा. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणाऱ्याकडे जाऊ नका. पत्त्याचा पुरावा नसला तरी नुसत्या ओळखपत्रावर पाच किलोचा अधिकृत सिलिंडर मिळतो. आणि अपघात झालाच तर एजन्सीला लगेच लेखी कळवा, पोच घ्या. नोंदणीकृत ग्राहकासाठी तेल कंपन्यांचा विमा असतो. तो कुणी घरी आणून देत नाही, मागावा लागतो.

आपोआप पेटणं : भानामती नव्हे

काही वस्तू काडी न लावता पेटतात. फर्निचरला पॉलिश करणारे भाऊ जवसाच्या तेलाचे बोळे कोपऱ्यात टाकतात. ते तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळ्यांच्या ढिगातली उष्णता बाहेर पडत नाही, वाढत जाते, ज्वलनांक गाठते आणि ढीग पेटतो. असे बोळे पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून टाका. ओल्या गवताची गंजी अशीच आतून तापते. कोळशाचे ढीग असेच पेटतात. झारखंडात झरियाच्या कोळसा खाणींमध्ये १९१६ पासून आग धुमसते आहे.

हे मुद्दाम सांगते, कारण खुंटीवरचा कपडा पेटला की गावात, वस्तीत लगेच "भानामती" म्हणतात आणि बोट एखाद्या विधवेकडे, एकट्या बाईकडे जातं. पिवळा फॉस्फरस तिशीच्या आसपासच्या तापमानाला हवेत आपोआप पेटतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलं की थोड्या वेळात ज्वाळा येते. बुवा तूप म्हणून ग्लिसरीनच ओततो आणि मंत्राने अग्नी आणला म्हणतो. यात रसायन आहे, शक्ती नाही. जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात २०१३ पासून आहे. बाईवर बोट उठलं तर आधी तिच्या बाजूला उभं राहा, मग पेटलं कसं ते शोधा.

भाजलंच तर

अंगावरचा कपडा पेटला तर पळू नका. पळताना हवा मिळते, आग वाढते. खाली पडा, लोळा. बघणाऱ्याने गोधडी किंवा जाड सुती चादर गुंडाळावी, पाणी ओतावं.

भाजल्या जागी लगेच साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, काहीही लावू नका. त्याने आतली धग कोंडते, जखमेत जंतू जातात आणि दवाखान्यात ते खरवडून काढताना रुग्ण किंचाळतो. सूज यायच्या आधी बांगड्या, अंगठी, जोडवी काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाका. लहान मुलाला पाणी घालताना भाजलेला भागच भिजवा, बाकी अंग उबदार ठेवा. चेहरा भाजला असेल, नाकात काजळी दिसत असेल, आवाज घोगरा झाला असेल तर आत श्वासनलिकाही भाजली आहे असं समजा आणि एक मिनिटही थांबू नका.

आणखी एक. भाजलेली बाई बोलू शकत असेल तर तिचं बोलणं सासर-माहेरच्या घोळक्यात होऊ देऊ नका. डॉक्टर आणि जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्यासमोर तिला एकटीला बोलू द्या. "स्टोव्हचा भडका" हे दोन शब्द तिच्या तोंडून आले की दुसऱ्याच्या, हे महत्त्वाचं आहे.

वस्तीने काय करायचं

एका रविवारी वंदना झाल्यावर दहा-बारा तरुण मुलं-मुली घ्या आणि गल्लीतली घरं फिरा. प्रत्येक घरात चारच गोष्टी बघा : ज्योत निळी आहे का, नळीची तारीख संपली आहे का, स्वयंपाकाच्या जागेला हवा जायला वाट आहे का, गिझर नहाणीच्या आत आहे का. वहीत लिहा. महिन्याने परत जा.

घरकुलाचा नकाशा मंजूर होताना, पुनर्वसनाच्या इमारतीत खोली दाखवताना, आपण लादी आणि नळ बघतो. ओट्याशेजारी खिडकी आहे का, ती मोकळ्या हवेत उघडते की शेजारच्या भिंतीवर, हेही विचारा आणि लेखी मागा. गल्लीत अग्निशमनाची गाडी किंवा निदान पाण्याचा पाइप येईल एवढी वाट मोकळी ठेवा.

आणि आज रात्री झोपण्याआधी घरातलं काय काय अजून जळतंय ते एकदा बघून घ्या. शेगडी बाहेर, रेग्युलेटर बंद, मेणबत्ती विझलेली, खिडकी उघडी. थंडी वाजली तर आणखी एक गोधडी घ्या.

जयभीम.